कागदाच्या मागच्या बाजूला

माझ्याकडे एका पितळी तांब्याची अकरा चित्रं आहेत आणि अकराही चित्रांत तांब्या डावीकडे कललेला आहे. खरा तांब्या सरळ उभा असायचा. आमचे चित्रकलेचे सर म्हणायचे, तांब्या कललेला नाही, तू कललेली आहेस. ते अगदी खरं होतं. माझा बाक खांबाला लागून होता आणि खांबाआडून बघायला मला मान वाकडी करावी लागे. पण दुसरीकडे बस, असं त्यांनी कधी सुचवलं नाही. जिथून दिसतंय तिथून काढ, म्हणायचे. जागा बदलून चित्र सुधारणाऱ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता.

आज ही चित्रं जेवणाच्या टेबलावर मांडून बघत बसले आहे. चित्रं म्हणून ती काही फार बरी नाहीत. पहिला तांब्या तर भोपळ्यासारखा दिसतो. पण एकेक कागद हातात घेतला की ते ते रविवार आठवतात, आणि सर आठवतात.

डोंबिवली पूर्वेला आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एक मराठी शाळा आहे. मुलं कमी होत गेली तशा तिच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या रिकाम्या पडत गेल्या. त्यातली एक सरांनी रविवारपुरती मागून घेतली होती. फाटकावर त्यांनी स्वतः लिहिलेला कागद चिकटवलेला होता. ‘चित्रकला. अजिबात न येणाऱ्यांसाठी. रविवारी सकाळी आठ ते दहा. खोडरबर आणू नये.’ अक्षर इतकं रेखीव की मला आधी ते छापील वाटलं. जवळ जाऊन बघितलं तेव्हा शाई कुठे कुठे फुटलेली दिसली.

आई जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. मी सेहेचाळीस वर्षांची, लग्न केलेलं नाही, नोकरी ठाण्यात, माजिवड्याच्या एका ऑफिसात. सोमवार ते शनिवार माणसं भेटायची. रविवारी सकाळी दूधवाल्याशी दोन शब्द बोलले, की सोमवारी रिक्षावाल्याला ‘स्टेशन’ म्हणेपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू येत नसे. चित्रकलेची आवड वगैरे काही नव्हती. ‘अजिबात न येणाऱ्यांसाठी’ हे वाचलं आणि वाटलं, इथे आपल्याला जाता येईल.

पहिल्या दिवशी आम्ही अठरा जण होतो. दारात एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, त्यात सगळ्यांनी फोन ठेवायचे. सरांनी कुणाचंही नाव विचारलं नाही. जो जिथे बसला ते त्याचं नाव. आर्किटेक्चरच्या परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी खिडकीशी बसली, ती ‘खिडकी’. एक निवृत्त नर्सबाई पंख्याखाली बसल्या, त्या ‘पंखा’. मी ‘खांब’. आणि सगळ्यांना सरसकट अगं-तुगं. नर्सबाईंना ते पहिल्यांदा लागलं होतं. आयुष्यभर सगळे मला सिस्टर म्हणत आले, हा माणूस मला पंखा म्हणतो, असं त्या जिन्यात माझ्याजवळ कुरकुरल्या. पुढच्या रविवारी मात्र पावणेआठलाच येऊन पंख्याखाली बसल्या.

सर अडुसष्टच्या आसपासचे असतील. उंच, किडकिडीत, पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला चार पेनं. कल्याणच्या पुढे मोहन्याला एकटेच राहायचे, तिथून शहाडपर्यंत चालत येऊन पुढे गाडी पकडायचे. एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांनी तीस-एक वर्षं यंत्रांचे नकाशे काढले होते. वर्गाचा पहिला पाव तास ते आम्हा सगळ्यांच्या पेन्सिली ब्लेडने तासत. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. तासलेली पेन्सिल बाकावर ठेवताना टोक आपल्याकडे येणार नाही अशी ठेवायचे. मग पिशवीतून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला तांब्या काढून टेबलावर मांडायचे. तो चिंच लावून घासलेला त्यांना चालत नसे. डाग दिसले पाहिजेत, म्हणायचे.

चार रविवार तांब्याच बघून निम्मे लोक गळले आणि आणखी एक-दोन रविवारांत खिडकी, पंखा आणि मी एवढ्याच उरलो. कुणाला निसर्गचित्र हवं होतं, कुणाला गणपती. कुणी यायचं बंद झालं की सर त्याचा बाक उचलून मागे नेऊन ठेवायचे आणि हात झटकायचे. कौतुक त्यांनी कधी केलं नाही. फार झालं तर ‘बरं’. खोडरबर का नको, असं खिडकीने एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, खोडलं की आपण चुकलोच नव्हतो असं वाटायला लागतं. चुकीची रेघ तशीच ठेव, शेजारी दुसरी काढ. दोन्ही दिसू देत.

त्यांची आणखी एक सक्ती होती. एका चित्राला दोन-तीन रविवार लागायचे, ते संपलं की कागद उलटा करून मागे लिहायचं, की आज आपल्याला काय दिसलं नाही. काय दिसलं ते पुढच्या बाजूला आहेच, ते सांगायला नको. माझ्या पहिल्या कागदामागे लिहिलं आहे, ‘तांब्याच्या पोटात खिडकी दिसते, हे शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत दिसलं नाही.’ तिसऱ्याच्या मागे, ‘तांब्याची सावली टेबलावरून खाली घसरते ते दिसलं नाही.’ हळूहळू मला ती सवयच लागली. ऑफिसातून घरी येताना, भाजी निवडताना मनात यायचं, आज काय दिसलं नाही. आईच्या आजारपणातली दोन वर्षं आठवायची आणि तिथे ती यादी संपायची नाही.

सहाव्या की सातव्या रविवारची गोष्ट. सर फळ्यावर एक आडवी रेघ मारून दाखवत होते. दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. वय पंचाहत्तरच्या पुढे, धोतर नव्हे पण तसाच सैलसर पायजमा, कपाळावर घाम, दोन मजले चढून धाप लागलेली. हातात कागदांची सुरळी होती. मी येऊ का, एवढंच त्यांनी विचारलं. सरांचा खडू थांबला. त्यांनी वळून पाहिलं नाही. मग ती रेघ त्यांनी पूर्ण केली, फळ्याच्या अगदी टोकापर्यंत नेली, आणि फळ्याकडेच तोंड ठेवून म्हणाले, “जागा आहे तिथे बसा.”

कुणालाही अहो-जाहो न करणाऱ्या माणसाने ‘बसा’ म्हटलं, हे आम्ही तिघींनी टिपलं. ते काका, मी त्यांना तेच म्हणू लागले, दाराजवळच्या बाकावर बसले. पण सरांनी त्यांना ‘दार’ म्हणून कधी हाक मारली नाही. पेन्सिल तासून ठेवायचे, तीही टोक सांभाळून. त्यापुढे काही नाही. आमच्या प्रत्येकीच्या मागे येऊन उभे राहायचे, चुका सांगायचे, आणि दाराजवळच्या बाकापाशी आले की सरळ पुढे निघून जायचे. काका मान खाली घालून काढत असायचे. त्यांचा हात थरथरायचा. नर्सबाईंनी अंदाज बांधला की सरांना म्हाताऱ्या माणसाला शिकवायचा संकोच वाटतो. मला ते सरांचं विक्षिप्तपण वाटलं आणि थोडा रागही आला.

नऊ वाजले की काका उठायचे आणि चहाला खाली जायचे. शाळेच्या फाटकाबाहेर एक टपरी होती. दोन मजले उतरायचे, कठडा धरून, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. वीस-पंचवीस मिनिटांनी वर यायचे तेव्हा चेहरा लाल झालेला असायचा. एकदा खिडकी त्यांना म्हणाली, आजोबा, तुम्ही बसा, मी आणते तुमचा चहा. त्यावर ते जवळजवळ रागावले. मला पाय मोकळे करायचे असतात, म्हणाले, आणि गेले.

ते गेले की सर दाराकडे जायचे. आधी मला वाटलं, हवा खायला. पण माझ्या वाकड्या मानेमुळे मला तांब्याखेरीज तो कोपराही दिसायचा. सर काकांच्या बाकापाशी उभे राहून त्यांचं चित्र बघायचे. बघायचे आणि कागद उलटा करायचे. काका चित्र अर्धं असतानाच मागे काहीतरी लिहून ठेवत असावेत, कारण सर बराच वेळ वाचत राहायचे. मग कागद होता तसा ठेवून तांब्याकडे परतायचे. एका रविवारी काका लवकर वर आले. दाराबाहेर त्यांच्या पायजम्याची कड मला दिसली. सर अजून कागद हातात धरून होते. काका आत आले नाहीत. सर टेबलापाशी जाईपर्यंत ते बाहेर पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभे राहिले.

मी हे कुणाला सांगितलं नाही. घरी गेल्यावर कागदामागे लिहावंसं वाटलं, पण ते तांब्याविषयी नव्हतं.

दिवाळीनंतर काका यायचे बंद झाले. सरांनी त्यांचा बाक मागे नेला नाही. पहिल्या रविवारी त्यांची पेन्सिल तासून ठेवली. दुसऱ्या रविवारी ठेवली. नऊ वाजले की दाराकडे बघायचे. चौथ्या रविवारी वर्ग सुटल्यावर मी फोन घ्यायला डब्यापाशी वाकले, तर सर शेजारी येऊन उभे राहिले. तू ठाण्याला नोकरीला जातेस ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी कोऱ्या कागदांची एक गुंडाळी माझ्या हातात दिली. तिच्यावर त्या रेखीव अक्षरात कोपरीचा पत्ता लिहिला होता. एवढं देऊन येशील का, म्हणाले. कुणाला द्यायचं, असं मी विचारलं तर म्हणाले, “माझा मोठा भाऊ आहे तो.”

मंगळवारी ऑफिस सुटल्यावर मी ठाणे स्टेशनच्या पूर्वेच्या बाजूला उतरून कोपरीला गेले. जुनी तीन मजली इमारत, तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा. दार काकांच्या मुलीने उघडलं. मेधा तिचं नाव, माझ्याच वयाची, शाळेत शिकवते, सध्या वडिलांकडेच राहायला आलेली. मी पत्ता दाखवला. तिने अक्षर पाहिलं आणि मला आत नेलं. काका पलंगावर उशीला टेकून बसले होते. हृदयाचं दुखणं निघालं होतं. डॉक्टरांनी जिने बंद केले होते. मला पाहून त्यांनी आधी माझ्या मागे, दाराकडे बघितलं. मग गुंडाळी घेतली आणि मांडीवर ठेवून तिच्यावरचा पत्ता पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

दोघा भावांत जे घडलं होतं ते त्यांनीच सांगितलं. मेधा मधून मधून भर घालत होती. वडील लवकर गेले, तेव्हा काका नोकरीला लागले होते, सर शाळेत होते. पुढे सरांना मोहन्याला नोकरी लागली तेव्हा ते कारखान्याच्या वसाहतीत राहायला गेले आणि दर रविवारी कोपरीला आईकडे येऊ लागले. लग्न त्यांनी केलं नाही. वीस वर्षं त्यांचा एक रविवार चुकला नाही. मग बावीस वर्षांपूर्वी आई गेली. सर त्या दिवशी कामासाठी नाशिकला गेले होते. निरोप मिळाल्याबरोबर निघाले, निघालोय असा फोनही केला. पण वाटेत घाटात गाड्या अडकल्या. इकडे घरात माणसं जमली होती. जवळची मंडळी म्हणायला लागली, किती वेळ ठेवायचं, अंधाराच्या आत उरकू या.

“मी मान हलवली,” काका म्हणाले. “बोललोसुद्धा नाही. नुसती मान हलवली.”

सर दीड तासाने पोचले तेव्हा फरशी पुसून झाली होती. आई होती त्या जागी दिवा लावलेला होता. त्यांनी भावाला विचारलं, का थांबला नाहीस. काकांना त्या वेळी काही सुचलं नाही. किती वेळ ठेवणार होतो, असं ते म्हणाले. सर आल्या पावली मागे फिरले आणि पुन्हा कधी कोपरीला आले नाहीत. काकांनी पत्रं लिहिली, मेधाच्या लग्नाची पत्रिका घेऊन स्वतः मोहन्याला गेले. दार उघडलं नाही.

मग काही महिन्यांपूर्वी मेधाच्या एका डोंबिवलीच्या मैत्रिणीने शाळेच्या फाटकावरच्या कागदाचा फोटो सहज गंमत म्हणून पाठवला. मेधाने तो वडिलांना दाखवला. त्यांनी अक्षर ओळखलं. पोरवयात त्याला अक्षर मीच गिरवायला लावलं होतं, म्हणाले. मोहन्याचं दार बंद करता येतं, पण शाळेच्या खोलीत येणाऱ्याला तो हाकलणार नाही, एवढा भरवसा त्यांना होता.

मी विचारलं, सर तुमचे कागद बघतात ते तुम्हाला ठाऊक होतं का. काका हसले. “तेवढ्यासाठी तर खाली जायचो. मला कुठे चहा चालतो?”

त्या दोन मजल्यांच्या पायऱ्या मला आठवल्या.

निघताना त्यांनी एक कागद दिला. त्यावर घरातलं औषधाचं भांडं काढलं होतं. बघून द्यायला सांग, म्हणाले. दुसऱ्याचं वाचू नये हे मला कळतं, तरी ठाणे स्टेशनवर बाकड्यावर बसून मी कागद उलटा केला. मागे लिहिलं होतं, ‘पायऱ्या आता चढवत नाहीत. तुझा खोकला गेला का ते दिसलं नाही.’ म्हणजे इतके महिने काका कागदामागे असंच काहीतरी लिहीत असणार. कॉलर विरली आहे, नवा शर्ट का घेत नाहीस ते दिसलं नाही. दुपारी कुठे जेवतोस ते दिसलं नाही. तांब्याबद्दल त्यांनी कधीच काही लिहिलं नसावं.

रविवारी मी कागद सरांना दिला. त्यांनी तो वर्ग संपेपर्यंत टेबलावर पालथा ठेवला. जाताना परत माझ्या हातात दिला. पुढच्या बाजूला भांड्याच्या काठापाशी बारीक अक्षरात सूचना होती, ‘हात थरथरतो तर थरथरू दे. रेघ मध्येच सोडू नको.’ मागच्या बाजूला, काकांच्या ओळीखाली, ‘मग चढू नको. कागद पाठवत जा. खोकला बरा आहे.’

असे तीन आठवडे मी कोपरी आणि डोंबिवलीच्या मध्ये कागद नेले आणले. खरं सांगायचं तर ते माझे त्या वर्षातले सगळ्यात चांगले दिवस होते. मंगळवारी कुणीतरी माझी वाट बघत असायचं. मेधा मुगाची खिचडी करून ठेवायची, काका विचारायचे, रविवारी काय म्हणाला तो. रविवारी सर मी जिना चढून येताना दारात उभे असायचे. दोन ठिकाणी माझ्या पावलाकडे कान लागलेले असायचे.

चौथा कागद काकांनी दिला तेव्हा तो दुमडलेला होता. पुढच्या बाजूला नुसती एक आडवी रेघ होती, थरथरत पण टोकापर्यंत गेलेली. मागे लिहिलं होतं, ‘मी थांबायला हवं होतं.’

सरांनी तो वाचला तेव्हा मी त्यांच्यासमोरच उभी होते. त्यांनी तो घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला, चार पेनांच्या मागे, आणि खिडकीच्या बाकाकडे गेले. त्या दिवशी मला कागद मिळाला नाही. मंगळवारी मी रिकाम्या हाताने कोपरीला गेले. काकांनी माझ्या पर्सकडे एकदा पाहिलं आणि मग मेधाला म्हणाले, यांना चहा दे. त्यांचा पाय सुजला होता. परत निघाले तेव्हा मेधा फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, डॉक्टर आता फार बोलत नाहीत.

त्या रविवारी मी साडेसातलाच शाळेत गेले. सर एकटेच पेन्सिली तासत बसले होते. मी त्यांना सांगितलं की कागद पोचवायला मी आता जाणार नाही, तुम्हीच जा. त्यांनी ब्लेड थांबवलं नाही. तुझं चित्र बघ तू, म्हणाले. मग मी ते बोलले. आधी ठरवून आले नव्हते.

“सर, माझी आई गेली तेव्हा मी शेजारीच होते. तिचा हात माझ्या हातात होता. मी वेळेवर होते. तरी मला काही दिसलं नाही. शेवटचं काही बोलली नाही, डोळे उघडले नाहीत. वेळेवर असूनही हाती काही लागत नाही.”

सरांनी ब्लेड खाली ठेवलं. त्यांच्या हातातल्या पेन्सिलीचं टोक मोडलं होतं. ते म्हणाले, “बावीस वर्षं मला वाटत आलं, त्या दीड तासात काहीतरी होतं.”

मी म्हटलं, काही नव्हतं, सर.

एवढ्यात नर्सबाई आल्या, मागून खिडकी आली. वर्ग झाला. मी अकरावा तांब्या पुरा केला. सर माझ्या मागे नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले.

पुढच्या रविवारी दारावर कागद होता, ‘आज वर्ग नाही.’ त्याच्या पुढच्या रविवारी तोच कागद. तिसऱ्या रविवारी शिपायाने सांगितलं, सर खोलीची किल्ली देऊन गेले, आता येणार नाहीत. नर्सबाई, खिडकी आणि मी जिन्यात उभ्या राहिलो. नर्सबाई म्हणाल्या, आजारी असतील. मला माहीत होतं ते कुठे आहेत. मेधाचा मेसेज आला होता, काका घरी आलेत, बाबा जेवायला लागलेत. तिचे काका म्हणजे आमचे सर. तो मी कितीदा वाचला असेल. आनंद झाला होता, खोटं नाही. पण त्या जिन्यात उभं असताना माझ्या लक्षात आलं, की सरांना तिकडे पाठवताना मी माझा रविवार पाठवून दिला होता. आणि मंगळवारही.

दीड महिन्याने मी न राहवून रजा टाकून कोपरीला गेले. अकरा चित्रं बरोबर घेतली, जायला निमित्त हवं म्हणून. सरांनीच दार उघडलं. अंगात घरातला बनियन होता, खांद्यावर टॉवेल. मी त्यांना शर्टाशिवाय कधी पाहिलं नव्हतं. मेधा शाळेत गेली होती, काका आत झोपले होते. सुजेवर औषध लागू पडलं होतं. सरांनी मोहन्याची खोली सोडली होती. स्वयंपाक आता तेच करत होते. डाळ जरा करपली आहे, म्हणाले, वास येत असेल.

त्यांनी चहा केला. आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो. मी चित्रं पुढे ठेवली, त्यांनी ती एकेक करून सगळी बघितली, मागची बाजूही वाचली. मग म्हणाले, तुम्हा तिघींना आता येतं तेवढं पुरे आहे, पुढचं घरी बसून करा. मला पुन्हा तिकडे येणं जमायचं नाही, ह्याला एकट्याला सोडवत नाही. मी म्हटलं, बरोबर आहे.

मग त्यांनी विचारलं, “तू एकटीच राहतेस का?”

“हो.”

“मीही राहिलो. सवय होते म्हणतात लोक.” त्यांनी कप खाली ठेवला. “मला नाही झाली.”

ते आणखी काहीतरी बोलणार होते असं मला वाटलं. मी वाट बघत होते. पण आतून हाक आली. बाळ्या, अशी काकांनी हाक मारली. सत्तरीकडे झुकलेला तो माणूस ओ म्हणून उठला आणि आत गेला. मला दोघांचे आवाज ऐकू येत होते. पाणी हवंय का, उशी उंच झालीय का, मग कुठल्या तरी जुन्या शेजाऱ्याचं नाव, मग त्या नावावरून वाद. काका म्हणत होते, तो दुसऱ्या मजल्यावर राहायचा. सर म्हणत होते, तिसऱ्या. वाद लांबला. मी अर्धा तास बसले. मग दोन्ही कप मोरीत विसळून ठेवले, चित्रं गोळा केली आणि दार ओढून घेतलं.

त्यांनी मला निरोप दिला नाही. त्याचं मला वाईट वाटलं नाही, असं लिहिणार होते. पण वाटलं. स्टेशनच्या पुलावर चढेपर्यंत मी दोनदा मागे बघितलं.

त्याला आता दीड वर्ष होईल. काका अजून आहेत, मेधा सणावाराला फोन करते. सर फोनवर येत नाहीत, त्यांना ते आवडत नाही. मी नंतर गेले नाही. बोलावलं असतं तर गेले असते.

कोपरीहून आले त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी आठ वाजता मी या टेबलावर कागद लावला. पेन्सिल तासली. समोर काय ठेवावं ते सुचेना. घरात भांडी होती, फळं होती, पण त्यातलं काही उचलून मांडावंसं वाटेना. शेवटी डावा हात टेबलावर ठेवला आणि उजव्याने काढायला घेतला. बोटांची पेरं, करंगळीजवळचा भाजल्याचा डाग, नखं. मध्येच डाव्या हाताला मुंग्या आल्या, पण हलवला नाही. साडेदहा कधी वाजले कळलं नाही. अंगठा जमला नाही. बाकीचा हात ओळखू येत होता, माझाच होता.